बुधीची साक्ष

“तिचा झगा बदलू नकोस,” शांतवन सर म्हणाले. “आहे तसाच राहू दे.”

मी बुधीच्या गळ्यापाशी वाकून झग्याची बटणं सोडत होते. तिचा उजवा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला होता आणि जरा धक्का लागला तरी ती खालचा ओठ दाताखाली धरत होती. झग्यावर काखेपासून कमरेपर्यंत चिखल वाळून कडक झाला होता. चिखलात रक्ताचे डाग होते.

“सर, रक्त लागलंय झग्याला. माझ्याकडे धुतलेला फ्रॉक आहे.”

“म्हणूनच म्हणतोय, राहू दे.” सर हसले. त्यांचं हसू फार गोड होतं, सगळ्या नगर जिल्ह्यातल्या चर्चच्या मंडळ्यांत प्रसिद्ध होतं. “पाहुणे इतक्या लांबून आलेत. प्रभूनं या लेकराला कशातून वाचवलं, ते त्यांना डोळ्यांनी दिसू दे. साक्षीला निम्मं बळ तिथूनच येतं, बाळ.”

ते बाहेर मांडवात गेले. मी सोडलेली बटणं रागारागानं परत लावली.

“बाई,” बुधीनं विचारलं, “साक्ष म्हंजी काय?”

“जे झालं ते, जसं झालं तसं, सगळ्यांसमोर सांगायचं.”

“सगळं?”

“सगळं.”

तिनं मान हलवली. तिच्या डाव्या गालावर बोटांचे वळ होते. ते मी सकाळीच पाहिले होते आणि विचारलंही होतं. ती काही बोलली नव्हती.

ही गोष्ट आहे शहाण्णव सालच्या मे महिन्यातली. मी सुवार्ता पारधे, तेव्हा नुकतीच इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते. माझे वडील नगरच्या आमच्या मंडळीचे पंच. शांतवन उजागरे सर त्या मंडळीच्या बालसेवेचे प्रमुख. दर उन्हाळ्यात ते आम्हा तरुण मुलामुलींना घेऊन कुठल्या तरी दुर्गम वाडीवर जात आणि तिथल्या मुलांसाठी सुट्टीतली बायबल शाळा भरवत. त्या वर्षी अकोले तालुक्यातली डोंगरावरची एक ठाकरवाडी निवडली होती. यष्टी खालच्या गावापर्यंत यायची, पुढे चढ. आमच्याकडे संस्थेची जीप होती. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दोन खोल्या आणि पुढे जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, एवढा आमचा संसार.

मला ती वाडी आवडली होती. खरं तर तिथल्या मुलांनी मला वेड लावलं होतं. कृतिगीतं ती एकदा ऐकून उचलत. रंगीत कागदाचे तुकडेसुद्धा खिशात जपून नेत. शेवटच्या दिवशी बायबलमधल्या गोष्टीचं नाटक व्हायचं होतं, त्यात भाग मिळावा म्हणून सगळी धडपडत. आणि बुधी मेंगाळ त्या सगळ्यांत पुढे. आठ-नऊ वर्षांची, काटक, प्रत्येक गोष्टीत तिचा प्रश्न असायचाच. नोहाच्या तारवाची गोष्ट सांगितली तर तिनं विचारलं, “येवढं पानी पडलं, मंग ते साठवलं का न्हाई कुनी?”

पाण्याचा प्रश्न तिला पडणारच. पावसाळ्यात त्या डोंगरावर महिनाभर ऊन दिसत नाही, आणि मे महिन्यात वाडीखालची विहीर तळाला जाते. तळाशी कातळाच्या फटीतून पाणी पाझरायचं. बाया दगडी खोबण्यांत पाय रोवून खाली उतरत, वाटीनं पाणी हंड्यात भरत आणि वर दोर लावून ओढून घेत. एक हंडा भरायला तास जायचा. आम्ही येताना पाणी आणलं नव्हतं. वाडीतल्या बायांनी आपल्यातलं थोडं थोडं देऊन आमचं टिपाड भरत ठेवलं होतं आणि आमची खिचडी त्यावर शिजत होती.

शेवटच्या रविवारी बंगळूरहून पाहुणे येणार होते. ही सेवा ज्यांच्या मदतीवर चालायची, त्यांतल्या मिसेस चेरियन म्हणून एक वृद्ध बाई आणि त्यांच्याबरोबर दोघं जण. त्यांच्या जेवणाचा शिधा आणायला शनिवारी सकाळी सरांनी मला यष्टीनं अकोल्याला पाठवलं. मी संध्याकाळी पिशव्या घेऊन चढ चढून आले, तर बुधी शाळेच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली आणि हात असा बांधलेला. वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं कामट्या लावल्या होत्या.

“खेळता खेळता विहिरीत उतरली,” सर म्हणाले. “पाय घसरला. डोकं आपटलं असतं तर संपलं होतं. चमत्कार आहे हा, सुवार्ता.”

“दवाखान्यात न्यायला हवं. जीप आहे ना?”

“जीप पहाटे पाहुण्यांना आणायला जायचीय. डिझेल तेवढंच आहे. उद्या कार्यक्रम झाला की पाहुण्यांना सोडायला जाताना नेऊ.”

मी वाद घातला. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझं मन कोवळं आहे. प्रार्थना कर.” मी नोएलकडे पाहिलं. नोएल वाघचौरे आमच्यात गिटार वाजवायचा, स्वभावानं सरळ मुलगा. बुधीला विहिरीतून त्यानंच वर काढलं होतं. तो माझ्याकडे न पाहता आत निघून गेला. मला वाटलं, घाबरला असेल.

रविवारी दहाच्या सुमाराला मांडव भरला. पाहुणे खुर्च्यांवर, मुलं सतरंजीवर, आणि मागे आंब्याच्या सावलीत वाडीची माणसं. बुधीची आई तुळसाबाई सगळ्यात मागे, लहानग्याला मांडीवर घेऊन. गाणी झाली. वचनपाठ झाला. मग सरांनी बुधीला हात धरून पुढे आणलं. सरांनी बोलावलेल्या फोटोवाल्यानं तिला जरा उजेडात सरकवलं, म्हणजे झगा नीट दिसावा. सर इंग्रजीत म्हणाले की, ही मुलगी काल मरणाच्या दारातून परत आली आहे, आता ती स्वतःच्या तोंडानं सांगेल. मग मराठीत, माइकवर हात ठेवून, हळूच: “बोल. सकाळी शिकवलं ना? देवानं मला वाचवलं. एवढंच.”

बुधीनं माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि बोलायला लागली. तिचा आवाज खणखणीत होता.

“सर म्हनले, पाव्हनं यायचं हाईत, टिपाड भरून पायजे. आंघूळीला लागंल. बाया म्हनल्या, आता पानी न्हाई. मंग सर आमा पोरान्ला म्हनले, जो हंडा भरून आनंल त्याला नाटकात घेनार. मंग मी हिरीत उतरले. सर वरती हुभे हुते. हंडा भरला. वर येताना हात सुटला, मी पडले. सर म्हनले, आयेला सांगायचं न्हाई, सांगितलं तर देव रागावंल आन् नाटकातनं काडीन. सरांनी आयेला सांगितलं, ही खेळाय गेलती. मंग आयेनं मला मारलं.”

ती थांबली. मागे बायांमध्ये एक हालचाल झाली.

मी सरांकडे पाहत होते. वाटलं, आता यांचा चेहरा पडेल. आता हे बोलू शकणार नाहीत. तसं काहीच झालं नाही. सरांनी बुधीच्या डोक्यावर हात ठेवला, पाहुण्यांकडे वळले आणि आपल्या त्या भरदार, घुमणाऱ्या आवाजात इंग्रजीत तिचं बोलणं सांगू लागले.

ही मुलगी म्हणते, मी विहिरीकाठी खेळत होते. माझा पाय घसरला आणि मी खोल अंधारात पडले. मला माझी आई आठवली नाही, कुणीच आठवलं नाही. मला फक्त या शाळेत शिकलेलं येशूचं नाव आठवलं. मी ते नाव घेतलं आणि कुणीतरी मला झेललं.

मिसेस चेरियननी चष्मा काढून डोळे पुसले.

मला आजही विचाराल तर मी सांगेन, खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण ऐकणाऱ्यांसमोर, त्यांच्याच लेकराच्या डोक्यावर हात ठेवून असं खोटं बोलणारा दुसरा माणूस पाहिला नाही. अख्ख्या वाडीनं खरं ऐकलं होतं. त्याचं सरांना काहीच नव्हतं. वाडीला काय कळलं आणि काय नाही, याचा हिशेबच त्यांच्या लेखी नव्हता. मांडवात माणसं होती ती तीनच, खुर्च्यांवर बसलेली. आणि आम्ही? आम्ही पाच-सहा जण दोन्ही भाषा समजणारे तिथे बसलो होतो. सरांना आमचीही खात्री होती.

मी उठले.

“खाली बस,” शेजारून नोएल पुटपुटला. “सुवार्ता, नंतर बोलू.”

“ती असं म्हणाली नाही,” मी इंग्रजीत म्हणाले. माझा आवाज मला परका वाटला. “मॅडम, ही मुलगी असं बोललीच नाही.”

सर हसतच म्हणाले, “आमची सुवार्ता जरा भावनाप्रधान आहे—”

मी थांबले नाही. बुधीचं एकेक वाक्य घेतलं आणि माझ्या साध्या कॉलेजातल्या इंग्रजीत सांगत गेले. तुमच्या आंघोळीचं पाणी. हंडा आणेल त्याला नाटकात भाग. देव रागावेल. आईनं मारलं. शेवटचं वाक्य मी सरांकडे बघून सांगितलं.

मिसेस चेरियननी चष्मा परत लावला. त्यांनी सरांना काही विचारलं नाही. त्या नोएलकडे वळल्या. “तू होतास तिथे?”

नोएलनं गिटारच्या तारांवर हात ठेवला. “होतो,” तो म्हणाला. त्यापुढे एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. पण तो एक शब्द पुरला.

तेवढ्यात तुळसाबाई मांडवातून पुढे आल्या. पोराला कडेवर घेऊन, पदर खोचून. इंग्रजी त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, “बाई, बुधी बोलली ते सरांनी पाव्हन्यान्ला सांगितलं ना?”

“नाही.”

“मंग येवढं काय सांगितलं?”

“देवानं झेललं म्हणून सांगितलं.”

त्यांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, “तुळसाबाई, आपण नंतर शांतपणे बसू. पाहुण्यांसमोर नको.”

तुळसाबाईंनी कडेवरचं पोर माझ्या हातात दिलं आणि शाळेच्या मागच्या बाजूला गेल्या, जिथे आमची चूल आणि टिपाड होतं. बायांना त्यांनी बोलावलं नाही. बाया आपणहून उठल्या. एकीनं कळशी आणली, दुसरीनं हंडा. टिपाडातलं पाणी तांब्यातांब्यानं त्या आपल्या भांड्यांत भरू लागल्या. एक थेंब सांडला नाही. कुणी आवाज चढवला नाही. सर मागे धावले.

“अहो, हे काय करता? जेवण व्हायचंय अजून. पाहुणे उपाशी राहतील.”

“पाव्हनं तुमचं हाईत,” तुळसाबाई वाकूनच म्हणाल्या. “हिर तिकडं हाये. उतरा.”

टिपाड रिकामं झाल्यावर बाया डोक्यावर हंडे घेऊन खाली वाडीत गेल्या. आमची डाळ अर्धी कच्चीच चुलीवर राहिली.

मिसेस चेरियननी बुधीची बोटं हातात घेतली होती. ती सुजून निळी पडली होती. “या मुलीला डॉक्टरकडे का नेलं नाही?” त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न पाहता त्यांनीच जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली. लहानग्याला शेजारणीकडे देऊन तुळसाबाई, बुधी, मी आणि त्या, अशा आम्ही चौघी निघालो. सर जीपपाशी आले, खिडकीतून म्हणाले, “सुवार्ता, घरातली घाण घरात धुवायची असते. तुझ्या वडिलांना मी काय सांगू?”

“खरं सांगा,” मी म्हणाले. “एकदा जमतं का बघा.”

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कामट्या सोडल्या, क्ष-किरण फोटो काढला आणि काल का आणलं नाही म्हणून तुळसाबाईंनाच रागावले. मी मध्ये पडून सांगितलं. कोपराचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, आणि सूज इतकी चढली होती की ते नीट बसेल याची खात्री त्यांना देता येईना. प्लास्टर घातलं. परत येताना जीपमध्ये तुळसाबाई बुधीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिच्या गालावरच्या वळांवरून त्या अंगठा फिरवत होत्या, सारख्या, जणू पुसून जातील.

घरी माझं काय झालं ते थोडक्यात सांगते. नाटक न करताच शाळा आवरून सर माझ्या आधी नगरला पोचले होते. वडिलांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, “पाहुण्यांसमोर? सगळ्यांसमोर? तीस वर्षांची सेवा आहे त्या माणसाची.” मी म्हटलं, “पप्पा, तुम्ही बुधीचं नाव तरी विचारलंत का?” त्या महिन्यात मंडळीत मला कुणी सलाम केला नाही. संडे स्कूलचा माझा वर्ग दुसरीला दिला. आणि जूनच्या पहिल्या रविवारी सरांनी वेदीवरून उन्हाळ्याच्या सेवेचा वृत्तांत सांगितला. त्यात बुधी होती. खोल अंधार होता, येशूचं नाव होतं, झेलणारे हात होते. दोनशे माणसं “आमेन” म्हणाली. मी उठून बाहेर गेले आणि आवारातल्या नळाखाली तोंड धुतलं, कारण नाही तर मी तिथेच किंचाळले असते.

पावसाची उघडीप बघून मी एकटी वाडीवर गेले. बुधीचं प्लास्टर निघालं होतं. हात कोपरात वाकडा राहिला होता, पूर्ण सरळ होत नव्हता. ती माझ्याशी आधी बोलेचना. मग बांधावर बसून म्हणाली, “मी बोलले म्हनून शाळा मोडली व्हय?”

“नाही गं. सर खोटं बोलले म्हणून मोडली.”

“मंग त्यान्ला कुनी मारलं?”

“कुणी नाही.”

तिनं वाकडा हात मांडीवर घेतला आणि समोरच्या खाचरात थुंकली. “मला तर मारलं,” ती म्हणाली.

त्या दिवशी मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं की पंच कमिटीसमोर हे यायलाच हवं, नाही तर मी या घरात राहणार नाही. मग त्यांनीच सभा बोलावली. का, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. तुळसाबाई आणि बुधी पहाटेची यष्टी पकडून नगरला आल्या. नोएलही आला, आणि या वेळी त्यानं पूर्ण सांगितलं. विहिरीच्या काठावर सर उभे होते, हे सांगितलं, आणि मुलीला गप्प राहायला सांगितलं तेव्हा आपणही तिथे होतो, हेही सांगितलं.

कमिटीतली माणसं वाईट नव्हती. त्यांनी ऐकलं, माना हलवल्या. अध्यक्ष म्हणाले, “उजागरे सर, झालं ते बरं झालं नाही. आपण क्षमा मागावी असं मला वाटतं.”

“जरूर,” सर म्हणाले. ते उभे राहिले. डोळे मिटले, दोन्ही हात पुढे पसरले. त्या घुमणाऱ्या आवाजात त्यांनी प्रार्थना सुरू केली. “हे प्रेमळ पित्या, मी अपात्र सेवक तुझ्यापुढे येतो. तुझ्या सेवेच्या आवेशात माझ्या हातून जर काही उणं झालं असेल, जर कुणाचं मन दुखावलं असेल, तर हे दयाळू प्रभू, तू मला क्षमा कर—”

सगळ्यांनी डोळे मिटले. माझ्या वडिलांनीसुद्धा. मी मिटले नाहीत, म्हणून मला दिसलं. तुळसाबाई खुर्चीवरून उठल्या. प्रार्थना चालू असताना कुणी उठत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी त्या उठल्याच असत्या.

“डोळं उघडा,” त्या म्हणाल्या.

सरांचा आवाज अडखळला. सगळ्यांचे डोळे उघडले.

“देवाला काय सांगता? त्याचा हात मोडला का? पोरगी हितं बसलीया. तिला सांगा.”

बुधी बाकावर बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते. ती सरांकडे पाहत होती, त्यांच्या तोंडाकडे, आता काय निघेल म्हणून. सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. त्यांचा चेहरा लाल झाला होता. इतक्या वर्षांनी मी हे लिहितेय आणि अजूनही मला तो चेहरा दिसतो. त्यांना एकच वाक्य बोलायचं होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला. तेही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

अध्यक्ष घाईनं म्हणाले, “चला, आपण सगळे आमेन म्हणू या.” दोघा-तिघांनी म्हटलं. माझे वडील गप्प बसले.

सर पुढेही सेवेत राहिले. दुसऱ्या तालुक्यात गेले, तिथे त्यांचा सत्कार झाल्याचं कळलं. बंगळूरहून मात्र पुन्हा कुणी आलं नाही.

त्या दिवशी सभेतून तुळसाबाईंनी बुधीचा डावा हात धरला आणि दाराकडे निघाल्या. मी मागोमाग गेले. चर्चच्या पायऱ्या उतरताना बुधीनं वर बघून विचारलं, “आये, झालं का?”

“न्हाई झालं,” तुळसाबाई म्हणाल्या. “चल, यष्टी चुकंल.”